आधी परसात बसा!

दिवाळीच्या सुमारास मराठी घरात कोणती नवी वस्तू येते, यावरून त्या त्या काळाचा इतिहास लिहिता येईल. एके काळी शिवणाचे यंत्र येई. मग रेडिओ आला, त्याच्यामागून पंखा, शीतकपाट, दूरदर्शन संच. हल्ली काही वर्षे बोनसाच्या पैशांतून कॅमेरा येऊ लागला आहे. त्याविरुद्ध माझी मुळीच तक्रार नाही. तक्रार आहे ती कॅमेरा आल्यावर आठ दिवसांनी घरात जे घडते त्याविषयी. कालपरवापर्यंत ज्या सद्गृहस्थांना आंब्याचा मोहोर आणि काजूचा मोहोर वेगळा ओळखता येत नव्हता, ते एका सकाळी पुष्कळ खिशांचे खाकी जाकीट चढवून चहाच्या टेबलाशी उभे राहतात आणि जाहीर करतात, "आजपासून मी निसर्गछायाचित्रण सुरू केले आहे!" घरच्या बाईंना वाटते, बरे झाले, व्यसन तर नाही! मुलांना वाटते, आता सहली घडतील. निसर्गाला काय वाटते, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

हा लेख त्या न विचारलेल्या पक्षाच्या वतीने आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. म्हणजे ज्यांना राग यायचा त्यांना तो पहिल्याच पानावर येऊन जाईल आणि पुढचा फराळ तरी गोड लागेल. फुलापाखरांची छायाचित्रे काढण्याचा छंद फार चांगला आहे. परंतु आज त्या नावाखाली जे चालले आहे, त्यातले पुष्कळसे छंद नसून शिकार आहे. ज्याला हा छंद खरोखर लावून घ्यावयाचा असेल, त्याने निदान एक वर्ष कास, भिगवण आणि ताडोबा यांची नावे काढू नयेत. आपल्या परसात बसावे. परस नसेल तर गॅलरीतल्या चार कुंड्यांपाशी बसावे.

शिकार हा शब्द मी रागाच्या भरात वापरलेला नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या दिलेली आहे. तीत मारणे, विष घालणे, सापळा लावणे तर आहेच. पण प्राण्याला हाकणे, त्याला आमिष दाखवणे, इतकेच काय, रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे, यालाही कायदा शिकारच म्हणतो. बंदुकीचा बार झालाच पाहिजे, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. आणि आमच्या हौशी मंडळींची बोली ऐका. "रविवारी शूटला गेलो होतो." "वाघ मिळाला?" "नाही हो, पण नवरंग मिळाला." जुने संस्थानिक मचाणावरून उतरल्यावर असेच बोलत असतील. फरक एवढाच की, त्यांच्या दिवाणखान्यात मुंडकी टांगलेली असत आणि यांच्या दिवाणखान्यात चौकटी टांगलेल्या असतात.

नवरंग 'मिळतो' कसा, हे सुद्धा ऐकण्यासारखे आहे. पावसाच्या तोंडावर हा पक्षी कोकणात विणीसाठी येतो. झाडीत तो सहजासहजी दिसत नाही, नुसती शीळ ऐकू येते. तासन् तास चिखलात बसण्याची तयारी असेल तर तो दिसेल. पण सोमवारी कचेरी असते! मग खिशातून यंत्र निघते आणि त्यातून नवरंगाचीच ध्वनिमुद्रित शीळ वाजू लागते. त्या बिचाऱ्याला वाटते, आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला. खाणेपिणे टाकून तो समोरच्या फांदीवर येतो, छाती काढून ओरडतो आणि नसलेल्या शत्रूला शोधत राहतो. सात-आठ कॅमेरे कडाडतात. ही मंडळी गेली की पुढच्या मोटारीतली मंडळी तेच यंत्र पुन्हा वाजवतात. ओढ्याच्या दरडीत बीळ करणाऱ्या तिबोटी खंड्याची अवस्था तर याहून वाईट. बिळासमोर माणसांची रांग उभी असल्यावर चोचीत पाल धरलेली खंड्याची जोडी समोरच्या फांदीवर ताटकळत बसते, आणि आत पिल्ले उपाशी.

भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर थंडीत रोहित येतात. उथळ पाण्यात मान खाली घालून, चोच उलटी बुडवून ते तासन् तास चिखलपाणी गाळत असतात. त्या वेळी ते दिसतात पांढुरके, फिकट गुलाबी. त्यांच्या पंखांचा खरा लाल-काळा रंग उघडतो तो उडताना. कॅमेऱ्याला तर रंग पाहिजे! म्हणून होडीवाल्याला दोन नोटा जास्त दिल्या जातात आणि होडी थेट थव्यात घातली जाते. थवा उडतो, चित्रे निघतात, थवा बसतो. मग दुसरी होडी. होडीवाल्याला मी दोष देत नाही. त्याचे पोट आहे. दोष नोटा देणाऱ्याचा, जो घरी येऊन त्याच चित्राखाली 'मुक्त विहार' असे लिहितो.

आणि कास! नुकताच भाद्रपद सरला आहे, तेव्हा त्याची चित्रे अजून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतील. साताऱ्याजवळचे हे पठार 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि त्याच्या मागे शुक्लकाष्ठ लागले. जांभ्या दगडाच्या त्या सड्यावर मातीचा थर कित्येक ठिकाणी बोटभरसुद्धा नाही. त्या पातळ, ओल्या मातीत सीतेची आसवे नावाचे निळे-जांभळे फूल येते. नाव किती सुरेख आहे! आणि झाड त्याहून अजब. कारण ते मांसाहारी आहे. मातीत लपलेल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या फुग्यांत ते पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेते. या कारागिरीची कोणाला दाद नाही. जमिनीलगतचे चित्र घ्यावयाचे म्हणून धट्टेकट्टे गृहस्थ पालथे पडतात. म्हणजे शेदोनशे सीतेच्या आसवांवर पोट टेकून एका सीतेच्या आसवाचे चित्र काढतात. शेवटी वनखात्याला आणि गावकऱ्यांना रोजच्या माणसांची संख्या बांधून द्यावी लागली, शुल्क ठेवावे लागले, नावनोंदणी आली. फुले पाहायला रांगेचा क्रमांक!

काजव्यांविषयी फार लिहीत नाही. जेष्ठाच्या आगेमागे भंडारदऱ्याच्या बाजूला जी गर्दी लोटते ती पाहिली की पुरे. काजव्याचा प्रकाश म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते आणि मादी प्रकाशानेच ओ देते. या संभाषणात मोटारींचे दिवे आणि बॅटऱ्या घुसतात. वर मौज अशी की, ज्या चित्राच्या मोहाने ही गर्दी जाते तसे झाड कोणालाच दिसत नाही. कारण ते चित्र एका जागी कॅमेरा रोवून घेतलेली शेकडो चित्रे संगणकावर एकावर एक चढवून बनवलेले असते. बारा क्षणांचे काजवे एका क्षणात कोंबल्यावर झाडाला सोन्याचा मुलामा येणारच. माणसे प्रत्यक्ष काजवे पाहून हिरमुसतात आणि म्हणतात, "फोटोत जास्त होते."

आता एक जवळचे उदाहरण. मी ज्या शाळेत शिकवतो तिच्या पाठीमागे जास्वंदीचे रान माजलेले आहे. दोन वर्षांमागे पावसाळ्यात तेथे शिंप्याने घरटे केले. शिंपी हा पक्षी अंगठ्याएवढा. पण दोन पानांच्या कडांना चोचीने भोके पाडतो, त्यांतून कापसाचे आणि कोळ्याच्या जाळ्याचे धागे ओवतो आणि पानांचा द्रोण करून आत कापूस भरतो. पाने देठावर जिवंत राहतात, म्हणून घरटे हिरवे राहते. हातभर अंतरावरून जाणाऱ्यालाही दिसत नाही. आमच्या सातवीतल्या एका मुलीला ते दिसले. तिने कोणाला सांगितले नाही. वर्गाच्या खिडकीतून ती मधल्या सुटीत पाहत बसे आणि वहीच्या शेवटच्या पानावर आईबापांच्या फेऱ्या मोजून मांडी. मला तिने वही दाखवली, तेव्हा तीत पाच दिवसांच्या रेघा होत्या, आणि एका बाजूला लिहिले होते, 'आज हिरवी अळी आणली. पाऊस होता तरी आणली.'

त्या रविवारी गावातले एक प्रतिष्ठित हौशी छायाचित्रकार आवारात येऊन गेले. बातमी त्यांना कोणत्या वाटेने पोचली, ते कळले नाही. घरट्यापुढे पाने आडवी येत होती. त्यांनी कात्रीने दोन कापली. दोनच! चित्र मात्र अप्रतिम आले: तीन उघड्या लाल चोची, वर वाकलेली आई, मागे मऊ हिरवा रंग. सोमवारी आमच्या खिडकीतून घरटे कोणालाही दिसत होते. आम्हाला दिसत होते तसे ते उन्हालाही दिसत होते, कावळ्यालाही आणि भारद्वाजालाही. बुधवारी ते रिकामे होते. वहीत बुधवारच्या रेघा नाहीत.

महिन्याभराने ते चित्र एका प्रदर्शनात लागले. नाव 'वात्सल्य'. त्याला पहिले बक्षीस मिळाले. आमची मुले सहलीने प्रदर्शन पाहायला गेली होती, ती मुलगी चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली आणि मला म्हणाली, "गुरुजी, पिल्लं गेली असली तर बक्षीस परत घेतात का?" दाराशी नियमांचा कागद चिकटवला होता, तो मी तिला वाचून दाखवला. त्यात चित्राची लांबी-रुंदी दिली होती, प्रवेशशुल्क दिले होते आणि परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील, असे होते.

सुदैवाने आता कित्येक जाणत्या स्पर्धांनी घरट्यांची चित्रे घेणेच बंद केले आहे. पण आपल्या गावोगावच्या प्रदर्शनांत 'वात्सल्य', 'मातृप्रेम', 'घास' अशा नावांखाली ती अजून लागतात, आणि परीक्षकांना ती अजून गहिवर आणतात. हा गहिवर ज्या दिवशी आटेल त्या दिवशी कात्र्या म्यान होतील. म्हणून प्रेक्षकांनाच माझी विनंती आहे: घरट्याचे चित्र पाहिले की त्याच्यापुढून मुकाट्याने पुढे चला.

यावर एक उत्तर ठरलेले आहे. "अहो, चित्रे पाहूनच लोकांना निसर्गाचे प्रेम उत्पन्न होते!" होते ना. मद्रासचे एम. कृष्णन यांचे उदाहरण माझ्यासमोर आहे. 1912 ते 1996 हा त्यांचा काळ. निरनिराळ्या कॅमेऱ्यांचे सुटे भाग जुळवून त्यांनी स्वतःचा अवजड कॅमेरा बनवला होता आणि आयुष्यभर काळी-पांढरी चित्रे काढली. 1950 पासून मरेपर्यंत ते 'स्टेट्समन' पत्रात निसर्गावर सदर लिहीत होते. आणि त्या सदरात हत्तींच्या जोडीला कावळे, खारी आणि घरच्या भिंतीवरचे जीव निःसंकोच येऊन बसत. मुद्दा हा की, कृष्णन यांना आधी हत्ती ठाऊक होता, मग त्याचे चित्र. आमच्याकडे आधी चित्र येते, मग घरी येऊन 'याला काय म्हणतात हो?' अशी विचारणा सुरू होते, आणि चार टाळ्या मिळाल्या की तीही बंद पडते. दुर्गाबाई भागवतांनी 1956 च्या 'ऋतुचक्रा'त एकामागून एक महिने पाहून काढले, ते मुंबईसारख्या शहरात राहून. त्यांना सहाशे मिलिमीटरची लेन्स लागली नाही.

लेन्सचा विषय निघालाच आहे. ज्या लांब नळकांड्याच्या आधारे ही शिकार चालते, त्यातल्या बड्या नळकांड्याची किंमत दहा लाखांच्या वर जाते. एवढ्या पैशांत मुलीचे लग्न नाही तरी शिक्षण होईल. एवढा खर्च केल्यावर माणसाला वाघच पाहिजे. चिमणीवर भागत नाही. म्हणजे यंत्र माणसाला वापरू लागते.

आणि आता तर नुसती सुरेख चित्रे हवी असतील, तर कॅमेऱ्याचीही गरज उरलेली नाही. दोन ओळी लिहून दिल्या की संगणक क्षणात हवा तो पक्षी हव्या त्या फांदीवर बसवून देतो. पावसाचे थेंब फुकट. फुलांवर पिचकारीने पाणी मारून, वर थेंब टिकावेत म्हणून ग्लिसरीन मिसळून 'दवबिंदू' काढणाऱ्यांचा धंदा या यंत्राने बसवला, याबद्दल मला काही वाईट वाटत नाही. फुलपाखरू हलू नये म्हणून त्याला शीतकपाटात ठेवणाऱ्या महाभागांचाही बसो. सुंदर चित्र इतके स्वस्त झाल्यावर हौशी माणसाकडे एकच गोष्ट उरते: अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक झाडापाशी मी होतो आणि हे असे होते.

ती गोष्ट परसात मिळते. परसाला तुच्छ लेखणाऱ्यांना मी एकच प्रश्न विचारतो: तुमच्याकडे ब्रह्मकमळ आहे? आमच्या आळीत पाच घरी आहे. पावसाळ्यात एखाद्या रात्री ते उमलते, तेव्हा शेजाऱ्यांना निरोप जातात, हळदकुंकू वाहिले जाते, पोरांना झोपेतून उठवून फुलाशेजारी उभे करतात आणि फोटोंचा नुसता पाऊस पडतो. दरवर्षी. मी एकदा सहज विचारले, "फूल कशातून येते?" सगळे एका सुरात म्हणाले, "पानातून!" शंभर फोटो काढून झाले, पण ते पान नव्हे, चपटे झालेले खोड आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. खोडच ते, कारण हे झाड निवडुंगाच्या कुळातले, अमेरिकेकडून आलेले. हिमालयातले ब्रह्मकमळ निराळे. याच्याशी त्याचे नातेगोते नाही. ज्या घरात दहा वर्षे हे झाड आहे त्या घरात ते कोणी पाहिले नाही, असाच याचा अर्थ नव्हे काय?

म्हणून म्हणतो, एक कुंडी घ्या. ब्रह्मकमळाची नको, कढीलिंबाची घ्या. कोवळ्या पानावर मोहरीपेक्षा लहान, पिवळसर, गोल अंडे दिसते का पाहा. फुलपाखरू येऊन घालून जाते आणि आपण फोडणीच्या नादात पान खुडतो. तीनचार दिवसांत त्यातून अळी निघते. ती प्रथम अशी दिसते की, पाखराची शीट पडली असे वाटावे. तीच तिची युक्ती. मग कात टाकत टाकत एके दिवशी ती एकदम हिरवीगार होते. डिवचली तर मानेमागून तांबडे दुबेळके शिंग काढते आणि त्याला उग्र वास येतो. पण तुम्ही डिवचू नका, फुलपाखराच्या शत्रूंना ते काम पुष्कळ आहे. मग कोष, मग फुलपाखरू. सगळे मिळून महिन्याभराचे काम. रोज सकाळी एकाच वेळी, एकाच बाजूने एक चित्र घ्या. महिन्याने तीस चित्रे होतील. त्यांतली पंचवीस प्रदर्शनात लावण्यासारखी नसतील. खाली तारीख लिहा, ऊन होते की पाऊस ते लिहा. लिंबाचे झाड असेल तर नशिबाने राणी पाकोळीही येईल. 2015 साली महाराष्ट्राने राज्याचे फुलपाखरू म्हणून तिची निवड केली, ती काळी-निळी, तळहाताएवढी.

परसाबाहेर पाऊल टाकायचेच असेल तर कुंपणाकडेच्या रुईपाशी जा. तेथे तांबूस-नारिंगी, काळ्या कडांचे कडवा फुलपाखरू हमखास असते. रुई खाऊन वाढल्यामुळे त्याचे अंग कडू असते आणि पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. आता काढलेली सगळी चित्रे ओळीने मांडा. एखादे वेळी असे ध्यानात येईल की, यांतले एक निराळे आहे. रंग तोच, डौल तोच, पण मागच्या पंखावरचे ठिपके जुळत नाहीत. ती दुसऱ्याच जातीची मादी, अंगात कडूपणा नसताना कडव्याचा वेष घेऊन फिरणारी. हा शोध ज्या दिवशी तुम्हाला लागेल त्या दिवशी जेवण गोड लागणार नाही आणि झोपही येणार नाही. कासच्या रांगेत उभे राहून असे काही झालेले मी कोणाच्या तोंडून ऐकले नाही.

यंत्राविषयी विचाराल तर खिशातला फोन पुरे. भर बारा वाजता पांढऱ्या फुलाचे चित्र काढू नका. पाकळ्यांच्या शिरा उन्हात जळून जातात. सकाळी नऊच्या आत किंवा आभाळ आलेले असताना काढा. सावलीची बाजू काळी पडत असेल तर तेथे पांढरा पुठ्ठा धरा. वाढदिवसाच्या केकखालचा चालतो. फुलाच्या उंचीला स्वतः वाका, फुलाला ओढू नका. वारा असेल तर थांबा. थांबणे हाच या छंदातला अवघड भाग आहे आणि त्याला खर्च नाही. फवारणी मात्र बंद करा. कीटकनाशक मारलेल्या बागेत फुले उभी असतात आणि कोणी येत नाही. तुळशीच्या मंजिऱ्या खुडण्याची घाई केली नाहीत तर सकाळी फुलोरी मधमाश्या येतील. बहुपाकळी, गोंड्यासारख्या फुलांपेक्षा साध्या एकेरी फुलावर माश्या अधिक का येतात, हे तुमचे तुम्हालाच चित्रांतून कळेल.

चित्रे तारीख-ठिकाणासह आयनॅचरलिस्टसारख्या नोंदवहीत टाकता येतात. जाणकार नाव सांगतात आणि अभ्यासकांना त्यांचा उपयोग होतो. फक्त घरटे किंवा दुर्मीळ वनस्पती असली तर जागा जाहीर करू नका. कात्रीवाले सद्गृहस्थही वाचत असतात.

तेव्हा या दिवाळीत ज्यांच्या घरी नवा कॅमेरा आला असेल, त्यांनी भाऊबीज आटोपली की कढीलिंबाच्या कुंडीतले एकेक पान उलटून पाहावे. फुलपाखरांचा हंगाम अजून सरलेला नाही. अळी सापडली तर घरच्या बाईंना विश्वासात घेऊन सांगावे, आणि पुढचे तीन आठवडे फोडणीपुरती पाने शेजारून मागून आणावीत.